रविवारी रात्री साडेबाराची बोली

रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये मी तीस वर्षं टपालाचं सॉर्टिंग केलं. निवृत्त झाल्यावर मिरजेत घरी बसून जुनी चित्रकार्डं जमवायचा नाद लागला. पूना, किरकी, देवळाली, माथेरान, महाबळेश्वर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या गोऱ्या शिपायांनी आणि मडमांनी ही कार्डं घरी धाडली होती. म्हणून आता ती इथे मिळत नाहीत, इंग्लंडात कुणाच्या तरी माळ्यावर बुटाच्या खोक्यात सापडतात आणि तिथून ईबे या ऑनलाइन बाजाराच्या लिलावात येतात. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं, पण ब्रिटनच्या साइटवर इथून बोली लावता येते. इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या भाच्याने मला खातं उघडून दिलं आणि म्हणाला, "मावशी, जे करायचं ते शेवटच्या दहा सेकंदांत कर." कारण मात्र सांगितलं नाही. ते मी पैसे घालवून शिकले.

आधी लिलाव चालतो कसा ते बघा. तुम्ही जो आकडा टाकता तो लगेच लागत नाही. ती तुमची कमाल मर्यादा, आणि ती फक्त यंत्राला माहीत असते. समोरच्याला मागे टाकण्यापुरतीच किंमत यंत्र तुमच्या वतीने वाढवतं. आमच्याकडे बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे, खरा आकडा दोघांनाच कळायचा. तसंच हे, फक्त उपरण्याखालचा दुसरा हात यंत्राचा. ब्रिटनच्या साइटवर किंमत ५ ते १५ पौंडांच्या मध्ये असताना वाढीची पायरी ५० पेन्सची असते, १५ च्या वर गेली की एक पौंडाची.

समजा, रविवारी संपणाऱ्या लिलावात माथेरानचं एक रंगीत कार्ड ४.९९ पौंडांना लागलंय. कुणीतरी १० ची मर्यादा टाकून ठेवलीय, पण दुसरं कुणी नसल्यामुळे पडद्यावर अजून ४.९९ च दिसतात. तुम्ही बुधवारीच २२ टाकले तर किंमत १०.५० होते आणि नाव तुमचं लागतं. इथवर ठीक. पण त्या माणसाला "तुमची बोली मागे पडली" असा निरोप जातो. हातात चार दिवस असतात. तो १२ टाकतो, मागेच. १५ टाकतो, तरी मागेच. मग त्याला जिद्द चढते. रविवार येईस्तोवर एक तर तुम्ही तेच कार्ड २२ ला घेता, नाही तर तो २३ टाकून घेऊन जातो. तुम्ही तेच २२ शेवटच्या आठ सेकंदांत टाकले असते, तर त्याचे १० तिथेच राहिले असते आणि कार्ड तुम्हाला १०.५० ला पडलं असतं.

शेवटच्या सेकंदाचा उपयोग एवढाच: दुसऱ्याला विचार बदलायला वेळ द्यायचा नाही. मंगळवारीच एखाद्याने ३० टाकून ठेवले असतील, तर तुम्ही एक सेकंद उरला असताना २२ टाका नाही तर अर्धा, यंत्र क्षणात २३ दाखवून कार्ड त्याला देणार. त्याला हरवायचं तर पैसेच जास्त हवेत, चपळाई कामाची नाही. बरेच जण इथे चुकतात. शेवटच्या मिनिटाला पाच-सहा वेळा थोडंथोडं वाढवत बसतात आणि हरले की इंटरनेटला शिव्या घालतात.

म्हणून बोलीचा इतिहास उघडून बघायची सवय लावा. नावं झाकलेली असतात, पण कोणी किती वेळा बोली लावली ते दिसतं. एकच माणूस ६, ७, ८, ९ असं चढत आला असेल, तर शेवटच्या सेकंदाची युक्ती त्याच्यासाठीच आहे. त्याला स्वतःची मर्यादा माहीत नसते, दुसरा किती देतो ते बघून तो ठरवतो. एकदाच येऊन गप्प बसलेला माणूस दिसला, तर समजा तो तुमच्या-माझ्यासारखा आहे.

यावर अर्थशास्त्रज्ञांनीही डोकं चालवलंय. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉन यांच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत पुढे सरकायची. शेवटच्या क्षणाची गर्दी त्यांना ईबेवर कितीतरी जास्त दिसली, आणि तिथले लोक जितके मुरलेले तितके उशिरा यायचे. रॉथना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, अर्थात दुसऱ्या कामासाठी.

सगळ्यात जास्त वेळ आकडा ठरवायला द्या, आणि तो रविवारी रात्री नव्हे, शनिवारी दुपारी चहा पिताना ठरवा. मी वहीत लिहिते. पहिल्यांदा तसंच कार्ड आधी कितीला गेलं ते बघते. विकून झालेल्या वस्तू वेगळ्या काढून दाखवायची सोय साइटवर आहे. मग कार्ड नीट वाचते. विकणाऱ्याने "१९०५" लिहिलंय आणि चित्रात माथेरानची गाडी आहे? मग ते १९०५ चं असणार नाही, नेरळ-माथेरान गाडी १९०७ ला सुरू झाली. मागची बाजूही बघते. पाठीवर उभी रेघ मारून अर्ध्या भागात मजकूर आणि अर्ध्या भागात पत्ता लिहायची परवानगी ब्रिटनमध्ये १९०२ पासून मिळाली, त्याआधी मागची पूर्ण बाजू पत्त्यासाठी असायची. शिक्का वाचता येत असेल तर फारच बरं. माझं आयुष्य शिक्के वाचण्यातच गेलंय, त्यामुळे फोटो अंधुक असला तरी गावाचं नाव मला लागतं, आणि एखादं कार्ड मी इतरांपेक्षा दोन पौंड जास्त देऊन घेते ते त्या जोरावर.

एवढं झालं की टपालखर्च, पैसे भरायच्या बँक-कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आणि कस्टम लागलं तर ते, सगळं मिळून रुपयांत बेरीज करते. पाच पौंडांच्या कार्डाला सहा पौंड टपाल मी दिलेलं आहे. शेवटी स्वतःला विचारते: हे कार्ड एवढ्या पैशांना दुसऱ्याने नेलं तर हळहळ वाटेल का? वाटेल असं वाटलं तर थोडं वाढवते. हळहळ संपते तिथे माझा आकडा थांबतो.

आकडा गोल ठेवू नका. लोक २० टाकतात, २५ टाकतात. मी २०.३७ टाकते. समोरच्याचे २० असतील तर पायरी एक पौंडाची असूनही यंत्र मला २०.३७ ला कार्ड देतं. आणि मीही बरोबर २० टाकले तर कार्ड त्याचं, कारण आकडे सारखे असले की आधी आलेला जिंकतो. शेवटी येणाऱ्याला बरोबरी कधीच परवडत नाही.

आता प्रत्यक्ष रात्र. तिकडचे विकणारे बहुतेक रविवारी संध्याकाळची वेळ धरतात, कारण लोक घरी असतात. तिथले आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. हे मला माहीत होतं, पण नेमकं त्या मार्चमधल्या रविवारी डोक्यात राहिलं नाही. साडेपाच तास मिळवले, एक वाजून वीस मिनिटांनी ऐटीत चष्मा लावून बसले, तर देवळालीच्या छावणीचं कार्ड तासाभरापूर्वी सात पौंडांना गेलेलं. माझ्या वहीत १८ लिहिले होते. तेव्हापासून मी बेरीज करत नाही. साइट "इतके तास बाकी" म्हणते, तेवढ्यावर गजर लावते.

पंधरा मिनिटं आधी बसा. खात्यात आहात ना ते बघा, नाही तर ऐनवेळी पासवर्ड विचारतं. विकणारा भारतात पाठवतो की नाही ते तर दिवसाच बघून ठेवा. पाठवत नसेल तर तुमचा पत्ता बघून यंत्र बोलीच घेत नाही, आणि हे आठ सेकंद उरलेले असताना कळून उपयोग नाही. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा हे पलंगावरून म्हणाले, "एवढ्या रात्री कोणाशी भांडतेस?"

दोन खिडक्या उघड्या ठेवते. एकीत उरलेला वेळ दिसतो. दुसरीत आकडा भरून ठेवते आणि "खात्री करा" म्हणणाऱ्या पानावर थांबते. तिथे आकडा मोठ्याने वाचायचा. मोठ्याने का, तर एकदा मी २१.३७ ऐवजी २१३७ भरले होते, आणि कानावर पडले म्हणून वाचले. बोली मागे घेता येते, पण नियम कडक आहेत, आणि शेवटच्या सेकंदाला लावलेली बोली मागे घ्यायला वेळ उरतोच कुठे? मग आठ सेकंदांवर बटण दाबायचं. लेस्टरचा भाचा तीनवर दाबतो. मिरजेत आठच बरे, कारण वीज गेली की राउटर जातो आणि मोबाइलचं नेट जागं व्हायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन लिलाव एक-दोन पौंडांच्या कार्डांवर करा आणि आपलं नेट किती वेळ घेतं ते मोजा.

तुमच्या वतीने शेवटच्या सेकंदाला बोली लावणाऱ्या सेवाही आहेत. ईबेला त्या चालतात. पण बऱ्याच ठिकाणी खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, तो मी देत नाही. झोप प्यारी असेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

एक अपवाद. काही लिलावांत बोलीसोबत "आत्ताच घ्या" अशी ठरलेली किंमतही असते. विकणाऱ्याने गुप्त राखीव किंमत (तिच्याखाली विकायचं नाही अशी) ठेवली नसेल, तर पहिली बोली पडताच ती सोय नाहीशी होते. तिथे कुणी एकरकमी उचलून नेईल अशी भीती असेल, तर सुरुवातीलाच सगळ्यात छोटी बोली लावून ते दार बंद करते आणि रविवारी परत येते.

ही विद्या सगळीकडे चालत नाही. माझे धाकटे दीर बँकेने जप्त केलेल्या फ्लॅटच्या ई-लिलावात उतरले होते. मी फुशारकीने सांगितलेलं ऐकून त्यांनी पाच सेकंद उरले असताना बोली लावली. लगेच फोन आला, "वहिनी, घड्याळ परत पाच मिनिटांवर गेलं!" तिथे शेवटच्या पाच मिनिटांत बोली पडली की मुदत पाच मिनिटांनी वाढते, आणि कोणीतरी थकेपर्यंत वाढतच राहते. ते साडेचारपर्यंत जेवले नव्हते. अशा ठिकाणी लपवण्यासारखं काही उरत नाही, वहीतला आकडा आला की उठायचं. नाही तर राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत अडकलेली असते, आणि जिंकून बोलीच्या २५ टक्के लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत भरले नाहीत तर ती जाते. नियमपत्रकात "मुदतवाढ" हा शब्द आधी शोधा.

जिंकलात तर लगेच पैसे भरू नका. त्याच विकणाऱ्याची आणखी कार्डं त्याच रात्री संपत असतील, तर सगळ्यांचं मिळून एक बिल मागा, टपाल एकदाच पडतं. आणि दोन ओळींचा निरोप धाडा, की पाकिटात दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घाला. रबर लावलेल्या गठ्ठ्यात शेवटच्या कार्डाचा कोपरा कसा दुमडतो, ते मी तीस वर्षं पाहिलंय.