बोहेमियन फुलदाणी कोणत्या कारखान्याची, हे कसे ओळखावे

जुन्या काचवस्तूंच्या बाजारात इंद्रधनुषी झळाळीची कोणतीही फुलदाणी हाती घेतली की विक्रेता बहुधा एकच नाव घेतो: लोट्झ. प्रत्यक्षात १८९० ते १९१४ या काळात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, अशी काच बनवणारे कारखाने अनेक होते. ते एकमेकांच्या खपणाऱ्या नमुन्यांची बिनदिक्कत नक्कल करत आणि त्यांचा बहुतेक माल सहीशिवायच बाहेर पडत असे. म्हणून काच आधी, आकार नंतर आणि सही सर्वांत शेवटी, हा क्रम मी पाळतो. तो उलटा केल्यामुळे एकदा चांगलाच फसलो होतो.

पहिली पायरी: क्षेत्र आखून घ्यावे

‘बोहेमियन काच’ हा शब्द फार सैल आहे. फ्रीडरिश एगरमानने १८२९ च्या सुमारास काढलेली, खड्यांच्या दगडासारखी दिसणारी लिथ्यालिन काच त्यात येते आणि पहिल्या महायुद्धानंतरची भडक नारिंगी, काळ्या काठाची टँगो काचही येते. सगळेच जमवायला गेल्यास नजर कशालाच सरावत नाही. नवशिक्याने एकच काळ आणि एकच प्रकार निवडावा. या लेखात मी १९०० च्या आगेमागे बनलेली झळाळीदार काच मुख्यतः धरली आहे.

मग कारखान्यांचा नकाशा समोर घ्यावा. नैर्ऋत्येच्या शुमावा डोंगरात क्लाश्टेर्स्की म्लीन येथे लोट्झ आणि लेनोरा येथे क्रालिक. उत्तरेला तेप्लिसेजवळच्या कोश्त्यानीत पाल्मे-क्योनिग. क्रकोनोशे पर्वतात नोव्ही स्वेत येथे हाराख. कार्लोव्ही व्हारी या उष्ण झऱ्यांच्या गावी मोझर. त्या काळी या गावांची जर्मन नावे प्रचारात होती, त्यामुळे क्लाश्टेर्स्की म्लीन जुन्या नोंदींत क्लोस्टरम्यूले म्हणून भेटते. दोन्ही नावे वहीत लिहून ठेवल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. (आपल्याकडे बोहेमियाशी नाते फुलदाण्यांपेक्षा बांगड्यांचे: उत्तरेकडील याब्लोनेत्सच्या काचेच्या बांगड्या आणि मणी भारतात जहाजाने येत.)

दुसरी पायरी: साधने

दहापट मोठे दाखवणारे भिंग, अतिनील टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, मोजण्याची टेप, मऊ सुती कापड आणि वही एवढे पुरे. अतिनील प्रकाशात हिरवी उजळणारी काच बहुधा युरेनियमची असते, पण त्यावरून कारखाना ठरत नाही. जोसेफ रीडेलने १८३० च्या दशकात युरेनियमच्या पिवळ्या आणि हिरव्या काचेला आपल्या पत्नीचे, ‘अ‍ॅना’चे, नाव जोडून ती गाजवली हे खरे, तरी पुढे युरेनियम अनेकांनी वापरले.

तिसरी पायरी: फुलदाणी उलटी करावी

एक हात तळाशी आणि एक पोटाशी धरून वस्तू उलटी करावी. तोंडाच्या काठाला धरून ती कधीही उचलू नये. फुंकून आकार दिलेली काच काठाचे काम होईपर्यंत लोखंडी सळीवर पेललेली असते आणि सळी तोडली की तळाच्या मध्यभागी खरखरीत वण राहतो. चांगल्या कारखान्यात तो घासून, पॉलिश करून उथळ वाटीसारखा केला जाई, आणि लोट्झच्या मालात बहुधा असाच गुळगुळीत खळगा आढळतो.

यानंतर भिंग लावून टेकणीची कड पाहावी. शंभर वर्षे फळीवर सरकवलेल्या वस्तूवर बारीक ओरखडे असतात, पण ते सर्व दिशांना जाणारे, कमीजास्त खोलीचे आणि नेमके जिथे काच टेकते तिथेच असतात. ओरखडे एकाच दिशेने जात असतील किंवा न टेकणाऱ्या भागावरही दिसत असतील, तर कोणीतरी सँडपेपर फिरवला आहे असे समजावे.

चौथी पायरी: काठ आणि झळाळी

झळाळी तापलेल्या काचेवर कथिलासारख्या धातूंच्या क्षारांची वाफ देऊन आणली जाते. काठ भट्टीच्या आचेने गोल केला असेल, तर झळाळी सहसा काठावरून सलग आत उतरते. काठ घासलेला असेल, तर तिथे मूळ रंगाची उघडी कडी दिसते. ही कडी नेहमीच दोष नसते, कारण काही कारखाने साच्यात फुंकलेल्या मालाचा काठ घासूनच पुरा करत. परंतु नक्षी काठाशी अचानक तुटलेली वाटली आणि संग्रहालयांत नोंदवलेल्या उंचीपेक्षा वस्तू सेंटीमीटरभर बुटकी भरली, तर टवका लपवण्यासाठी काठ खाली आणला असावा. टेप खिशात ठेवण्याचे खरे कारण हेच आहे.

पाचवी पायरी: नक्षीवरून घराणे ओळखावे

मॅक्स फॉन श्पाऊन याने १८७९ मध्ये आजीकडून लोट्झ कारखाना हाती घेतला. १८९८ च्या ‘फेनोमेन’ नक्षीत तापलेल्या काचेवर वेगळ्या रंगाचे काचेचे दोरे गुंडाळून, रांगोळीच्या रेषांवरून काडी फिरवावी तसे ते ओढून लाटा काढत आणि वर धातूची झळाळी देत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या कारखान्याला ग्राँ प्री हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. खऱ्या फेनोमेनमध्ये लाटांची ओढ फुलदाणीच्या घडणीबरोबर चालते, जिथे पोट फुगते तिथे लाटही फाकते. हा मेळ हातात धरून पाहिल्याशिवाय समजत नाही. छायाचित्र त्याबाबतीत फार दगा देते. तेलाच्या थेंबांसारख्या ठिपक्यांची ‘पापियों’ नक्षीही लोट्झचीच, पण तिच्या नकला इतक्या आहेत की केवळ ठिपक्यांवरून निर्णय देऊ नये.

काचेच्या बारीक दोऱ्यांचे आडवेतिडवे जाळे दिसले तर पाल्मे-क्योनिग आधी आठवावा, पण तिथेच थांबू नये, कारण जाळीचे काम क्रालिकनेही केले. मीनाकारी आणि सोनेरी मुलामा असलेली प्रत्येक फुलदाणी मोझरच्या नावावर खपवण्याची चाल आहे. त्यांतील बऱ्याचशा हाराखच्या असतात. मोझरची एक खूण मात्र झटकन पटते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेली त्यांची अलेक्झांड्राइट काच दिवसाच्या उजेडात जांभळट आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते.

सहावी पायरी: आता सही

अमेरिकेच्या १८९० च्या आयात-जकात कायद्यामुळे परदेशी मालावर देशाचे नाव घालावे लागू लागले. बोहेमिया १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होता, म्हणून निर्यातीच्या काही वस्तूंवर ‘लोट्झ ऑस्ट्रिया’ असे कोरलेले सापडते. आम्लाने उमटवलेला ‘चेकोस्लोव्हाकिया’ शिक्का १९१८ नंतरचा काळ सांगतो, कारखाना नव्हे.

माझी फसगत इथेच झाली. एका विक्रेत्याकडे हिरवट फुलदाणी होती, तळावर ‘लोट्झ ऑस्ट्रिया’ ठसठशीत कोरलेले. मी सही वाचली आणि पैसे मोजले. घरी भिंगाखाली दिसले, की तळावरचे जुने ओरखडे सहीच्या अक्षरांपाशी येऊन तुटत होते. म्हणजे ओरखडे आधीचे, सही नंतरची. खऱ्या जुन्या सहीवरून ओरखडे जातात, आणि अक्षरांच्या खाचांत वर्षानुवर्षांचा मळ बसलेला असतो. माझ्या फुलदाणीच्या खाचांत पांढरी, ताजी भुकटी होती.

सातवी पायरी: जुळवणी आणि नोंद

उंची, काठाचा व्यास आणि तळाचा व्यास मोजून, वस्तू समोरून आणि तळाकडून टिपून, ती संग्रहालयांच्या नोंदलेल्या नमुन्यांशी ताडून पाहावी. जर्मनीतील पासाऊचे काच संग्रहालय आणि प्रागचे उपयोजित कला संग्रहालय येथील संग्रह यासाठी उपयोगी पडतात. आकार आणि नक्षी दोन्ही जुळल्यास ‘निश्चित’, एकच जुळल्यास ‘संभाव्य’ आणि काहीच न जुळल्यास ‘बोहेमिया, कर्ता अज्ञात’ असे लिहावे. हा तिसरा शेरा लिहायला हात जड होतो, पण माझ्या कपाटात निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या त्याच आहेत.

धुताना सिंकमध्ये टॉवेल अंथरावा, पाणी कोमट ठेवावे, आणि झळाळीवर घासणी किंवा व्हिनेगर लावू नये. फुले ठेवायची असल्यास दुसरी फुलदाणी घ्यावी, कारण साचलेल्या पाण्याचा आतला पांढरा डाग सहसा निघत नाही.

त्या हिरवट फुलदाणीची चिठ्ठी मी बदलली आहे: ‘बोहेमिया, सुमारे १९०० ते १९१०, क्रालिक संभाव्य, काठ घासलेला, सही बनावट.’