जुन्या विश्वस्तांचा सत्कार: आधी रजिस्टर काढा, शाल मग आणा

वसईतल्या एका कॅथलिक कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी प्रिन्सिपॉल फादरांचा फोन येतोच, "मॅडम, यंदा सत्काराचं जरा बघा ना." शाल, श्रीफळ, बुके एका दुपारीत मिळतात. खरं काम दोन महिने आधी कपाटात असतं.

आधी मंडळाच्या सभांची इतिवृत्तं काढा. कोण किती वर्षं होतं ते माणसांच्या आठवणीवर सोडू नका. कॉलेजात पूर्वी स्थानिक व्यवस्थापन समिती असायची, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालय विकास समिती आली. एकच माणूस दोन्ही रजिस्टरांत सापडतो, शिवाय संस्थेच्या विश्वस्त मंडळावर वेगळा. तिन्ही ठिकाणची वर्षं लिहून घ्या आणि एकाच काळाची दोनदा मोजू नका. देणगीदारांसाठी पावतीपुस्तकं, जमीन दिली असेल तर बक्षीसपत्र. ते शेवटपर्यंत वाचा. आमच्याकडे केळीची, पानवेलीची वाडी देणाऱ्यांनी कधी कधी आईवडिलांचं नाव लावायची अट घातलेली असते. तिथे नव्या दात्याची पाटी लावलीत तर फंक्शनच्या दिवशीच नातवंडं ऑफिसात येतील, आणि बरोबरच येतील.

मानपत्र हा या सगळ्याचा गाभा. "निःस्वार्थ सेवा", "मोलाचं योगदान" हे शब्द कोणाच्याही नावापुढे बसतात, म्हणून मी ते आधी खोडते. त्याऐवजी इतिवृत्तातलं एक काम घ्या. समजा, लायब्ररीचं छत गळत होतं आणि एका सभासदाने कंत्राटदाराची तीन कोटेशनं आणून मंडळापुढे ठेवली, मग मे महिनाभर रोज सकाळी कामावर येऊन उभे राहिले. हे असंच लिहा, साल घालून. माणूस ऐकताना मान वर करतो. दीडशे शब्दांच्या वर जाऊ नका. नावाचं स्पेलिंग घरी फोन करून विचारा. डिसोजा, डिसोझा, डिसूझा ही तीन वेगळी घरं आहेत.

सत्काराआधी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, असेल तर हिंदू, पारशी, मुस्लिम देणगीदारांनाही आवर्जून बोलवा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, वेळी इतरांनी जागेवर बसून राहिलं तरी चालतं, हे आधीच घरगुती शब्दांत सांगा, म्हणजे कोणी रांगेत अवघडत नाही. दिवंगत उपकारकर्त्यांसाठी २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन योग्य खरा, पण तेव्हा बऱ्याचदा दिवाळीची सुट्टी असते. कॉलेज उघडल्यावर नोव्हेंबरमध्येच मिस्सा ठेवा. जो ख्रिस्ती नव्हता त्याच्यासाठीही मिस्सा अर्पण करता येते. ऑफिसातल्या काहींना हे माहीत नसतं आणि ते यादीतून नावं गाळतात.

पोपकडून सन्मान हवा असेल तर घाई चालत नाही. लिओ तेरावे यांनी १८८८ मध्ये सुरू केलेला 'प्रो एक्लेसिया एत पोंतिफिचे' क्रॉस किंवा 'बेनेमेरेंती' पदक यांसाठी प्रस्ताव बिशपांमार्फत जातो. सेवेचा सविस्तर तपशील लागतो. इतिवृत्तं वाचलेली असली की तो तयारच असतो. काही महिने धरून चला. उत्तर येईपर्यंत त्या व्यक्तीच्या कानावर जाऊ देऊ नका. वसईत हे कसं जमवायचं, ते मात्र मला विचारू नका.

कार्यक्रमात सगळ्यात वयस्कर व्यक्तीचा सत्कार पहिला. पाहुण्यांची भाषणं त्यानंतर. नव्वदीच्या आजोबांना दोन तास खुर्चीत बसवून शेवटी शाल घालणं म्हणजे सत्कार नव्हे. स्टेजला पायऱ्या असतील तर बिशपांनीच खाली उतरावं, ते आनंदाने उतरतात. आजोबांना माइक द्यायचा असेल तर शेजारी नातू उभा करा. त्याला इशारा कळतो.

देणगीदारांच्या बाबतीत हिशेब चोख नसेल तर मानपत्राला अर्थ नाही. ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर वजावटीसाठी देणगीचं प्रमाणपत्र वेळेवर द्या. रोखीने २,००० रुपयांवर दिलेल्या देणगीला ती वजावट मिळत नाही, हे पैसे घेतानाच सांगा. कॅनडात किंवा आखातात गेलेल्या माजी विद्यार्थ्याला पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर तिथल्या कमाईतून दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो आणि त्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी संस्थेकडे नसेल तर तो पैसा घेता येत नाही, मग माणूस कितीही आपला असो.

मानपत्राच्या दोन प्रती काढा, एक घरी फ्रेम करून, दुसरी फाइलला. फाइलच्या प्रतीवर इतिवृत्ताचा पान क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवा.