पराटीवर (कपाशीवर) प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक मारायचं असेल तर

दुकानात आपण ‘औषध द्या’ म्हणतो. आधी डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. प्रोफेनोफॉसचा पिवळा. बोंडअळी, तुडतुडे, फुलकिडे यांच्या मज्जासंस्थेतलं एक विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं. तेच विकर आपल्याही अंगात असतं.

मात्रा लेबलवरचीच घ्या, काठीने ढवळा. दोन-तीन औषधं अंदाजाने एकत्र करू नका.

मग शेतात जाऊन पराटीची उंची बघा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पराटी माणसाच्या डोक्याला टेकली होती, तुषार सरळ नाकातोंडावर यायचे. पीक खांद्याच्या वर गेलं असेल तर पाठीवरच्या पंपाने फवारूच नका. माझ्या मते बाकी सगळे नियम याच्यानंतर.

पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा, मास्क घाला. ओला रुमाल बांधणं नुसता देखावा. त्यातच विष मुरतं. उन्हाआधी, वारा पाठीशी ठेवून फवारा. नोझल चोंदलं तर फुंकू नका, तारही नको. जुना टूथब्रश पुरतो. मध्ये तंबाखू चोळायची नाही. (सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच.)

रोजंदारीवर सलग आठ दिवस फवारणाऱ्याला धोका अधिक, कारण बंद पडलेलं विकर एका रात्रीत भरून येत नाही. माणसं आलटूनपालटून लावा.

काम संपल्यावर साबणाने आंघोळ करा. कपडे वेगळे धुवा, धुणाऱ्या बाईलाही हातमोजे द्या. रिकाम्या डब्याला भोकं पाडा, म्हणजे खाण्यापिण्याचं काही ठेवायला तो कुणी वापरणार नाही. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून 23 मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं.

घाम, लाळ, उलट्या, छातीत दाटणं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं ही विषबाधेची लक्षणं. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झोपवू नका. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, 108 ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. डबा किंवा लेबलचा फोटो दवाखान्यात न्या. डॉक्टर ॲट्रोपिन देतात, पण कोणतं विष आहे ते कळलं तर पुढचा उपचार लवकर ठरतो.