ऑर्डर मिळाली, पण पैसे अडकले: महिला आणि वंचित समाजातल्या उद्योजकांनी बिलं कशी वसूल करावीत

महिला, अनुसूचित जाती-जमाती किंवा अल्पसंख्याक समाजातल्या उद्योजकांना सल्ला द्यायला सगळे तयार असतात. तो सल्ला बहुतेक वेळा कर्जापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. मी अनेक वर्षं अशा छोट्या युनिटची कागदपत्रं बघते आहे. कर्ज मिळालं नाही म्हणून बसलेली युनिटं पाहिली, पण मोठ्या पार्टीकडे बिलं अडकली म्हणून बसलेली त्याहून कितीतरी जास्त पाहिली. मागे वडिलोपार्जित पेढी नाही, तारण ठेवायला स्वतःच्या नावावर जागा नाही, खेळतं भांडवल म्हणजे बचत गटाचं कर्ज किंवा गहाण टाकलेलं सोनं. अशा ठिकाणी दोन बिलं थकली की तिसऱ्या महिन्यात कामगारांचा पगार निघत नाही. म्हणून इथे नोंदणी आणि ऑर्डर थोडक्यात, वसुली सविस्तर.

उद्यम नोंदणी

उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत. हजार-दोन हजार मागणारी जी संकेतस्थळं दिसतात ती सरकारी नाहीत, तिकडे जाऊ नका.

दोन गोष्टी मात्र नीट बघा. पहिली, आधारला जोडलेला मोबाइल. तो नवऱ्याचा किंवा भाच्याचा असेल तर आधी बदलून घ्या, कारण पुढचा प्रत्येक ओटीपी तिथेच जाणार आहे. मालकीण जर ओटीपीसाठी दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर धंदा तिच्या हातात नाही. दुसरी, व्यवसायाचा कोड. तुम्ही शिवता, बनवता, दुरुस्त करता किंवा सेवा देता, तर उत्पादनाचा किंवा सेवेचा कोड निवडा. घाईत व्यापाराचा कोड टाकला, तर व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचा फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच मिळतो. सरकारी खरेदीतला वाटा आणि थकलेल्या पैशांचं संरक्षण, दोन्ही हातचं जातं. ‘कोड नंतर बदलू’ असं सांगणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. आणि नोंदणी पहिला माल पाठवण्याच्या आधी करा. आधीच्या पुरवठ्यासाठी नंतरची नोंदणी चालते का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, त्यात तुमची भर नको.

महिलांचा उद्योग कोणता ठरतो? एकल मालकी असेल तर मालक स्त्री हवी, भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा स्त्रियांचा हवा. अनुसूचित जाती-जमातींसाठीही हाच नियम.

ऑर्डर

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यातले ३ टक्के महिलांकडून आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा वाटा नाही, पण २५ टक्क्यांत तेही येतात. निविदेची अनामत भरावी लागत नाही. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तर तो कमी दर मान्य करून ऑर्डरचा काही भाग घेता येतो. सरकारी खरेदी जिथे होते त्या जेम पोर्टलवर नोंदणी करा, खासगी कंपन्यांच्या व्हेंडर यादीत नाव घाला. एवढं पुरे.

पैसे वसूल करणं

इथे मला स्वतःला सर्वांत जास्त झगडावं लागलं, कारण सांगणारे सगळे एकच सांगत होते: ‘संबंध सांभाळा, मिळतील पैसे.’ हा सल्ला वाईट आहे. संबंध सांभाळून कामगाराचा पगार होत नाही.

कायदा स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. परचेस ऑर्डरवर ‘९० दिवस क्रेडिट’ छापलेलं असलं, तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय ते व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमांना नाही.

मग बिलं अडकतात का? कारण सगळं ‘स्वीकारल्याच्या’ तारखेवर उभं आहे आणि नेमका तोच कागद आपल्याकडे नसतो. माल गेटवर उतरतो, ड्रायव्हर रिकामा परत येतो, चलनावर कोणाची तरी अर्धवट सही, तारीख नाही, शिक्का नाही. सहा महिन्यांनी समोरचा सांगतो, माल आलाच नाही, किंवा खराब होता. ड्रायव्हरला स्पष्ट सांगा: नाव, तारीख आणि शिक्क्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्याच दिवशी चलनाचा फोटो खरेदी विभागाला आणि अकाउंट्सला मेल करा.

माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा मानतो. फोनवर कोणी म्हणालं, ‘क्वालिटीवाले बघतायत’, तर ती हरकत नव्हे. फोन ठेवल्यावर लगेच मेल लिहा: आज अमुक वाजता असं बोलणं झालं, लेखी हरकत असेल तर कळवा. हा मेल लिहायला बायकांना संकोच वाटतो, भांडखोर दिसू असं वाटतं. लिहा. यात भांडण नाही, नोंद आहे.

बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि खाली एक ओळ द्या, की आम्ही या कायद्याखालचा सूक्ष्म उद्योग आहोत. याचं आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातल्या तरतुदीमुळे मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःच उद्यम प्रमाणपत्र मागतात. काही पार्ट्या उलट सांगतात, नोंदणी रद्द करा, तरच ऑर्डर देऊ. करू नका. पैसे वेळेवर द्यायचे नाहीत हे ती पार्टी आधीच सांगते आहे.

दर मार्चमध्ये खात्याचा उतारा पाठवून ‘एवढी बाकी मान्य’ अशी सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. पुढे वाद झाला तर याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

मुदत उलटली की पहिलं पत्र मुद्दल, व्याज आणि कायद्याचं नाव लिहून द्या, उत्तराला १५ दिवस द्या. उत्तर आलं नाही तर थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे जा. २०१७ मध्ये केंद्राने समाधान पोर्टल सुरू केल्यापासून हा अर्ज ऑनलाइन करता येतो. तुमचं युनिट जिथे, तिथल्याच परिषदेकडे प्रकरण चालतं, मग खरेदीदार दिल्लीचा असो की चेन्नईचा. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवादासारखी सुनावणी. कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त लागतात, तशी तयारी ठेवा. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला त्याविरुद्ध न्यायालयात जायचं असेल, तर निकालातल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भराव्या लागतात. मोठ्या कंपनीचा वकील हे जाणतो, म्हणूनच अनेकदा परिषदेची नोटीस पोचल्यावर तडजोडीचा फोन येतो.

त्या फोनवर सावध राहा. ‘व्याज सोडा, उद्या चेक देतो’ म्हटलं की लोक तिथल्या तिथे सही करून देतात. मुद्दल खात्यात जमा होईपर्यंत व्याज सोडायचं नाही, अर्ज मागे घ्यायचा नाही, आणि ‘आता काही बाकी नाही’ अशा कागदावर सही तर मुळीच करायची नाही. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे जमा झालेले पैसे नव्हेत.

‘तक्रार केली तर ऑर्डर बंद होतील’ ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. ती भीती तेव्हाच जीवघेणी असते जेव्हा सगळा धंदा एकाच पार्टीवर असतो. उलाढालीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त माल एका खरेदीदाराला देऊ नका, ऑर्डर कितीही मोठी वाटो.

तक्रारीपर्यंत जायचंच नसेल तर ट्रेड्सचा, म्हणजे बिलं ऑनलाइन वटवण्याचा, मार्ग आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट यांसारख्या मंचांवर खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी कपात करून पैसे लगेच मिळतात. खरेदीदाराने नंतर बुडवलं तर बँक तुमच्या मागे लागत नाही. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी आहे म्हणजे ते बिल मान्य करतीलच असं नाही, म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

जेमवरच्या ऑर्डरचं गणित वेगळं. माल पोचल्यावर दहा दिवसांत सीआरएसी, म्हणजे माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र, निघायला हवं आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. ते अडलं तर ज्या अधिकाऱ्याकडे माल उतरला त्याच्या मागे लागा. पैसे देणारा अधिकारी त्या प्रमाणपत्राशिवाय काहीच करू शकत नाही.

आणि कर्ज

आता कर्ज. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक हे विशेष प्रवर्गात येतात: प्रकल्प खर्चातले स्वतःचे ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. हे अनुदान नवं युनिट उभं करण्यासाठी आहे. चालू युनिटसाठी बँकेत जाताना वर सांगितलेले बाकी मान्य केल्याचे कागद आणि वेळेवर जमा झालेल्या बिलांचा खातेउतारा सोबत न्या. मॅनेजर प्रकल्प अहवालाच्या आधी तोच उघडून बघतो.