जुनी छोटी एसयूव्ही घेताय? आधी सीटबेल्ट ओढा

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. 2019च्या महापुरानंतरची सवय. वरचा पट्टा धुऊन चकाचक करतात, पण आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली सापडते. मग मॅट उचलून सीटच्या रुळाचे बोल्ट बघायचे. तिथं गंज दिसला की मी चहाही न घेता निघतो.

मालकाला आदल्या दिवशीच बजावा, गाडी आधीपासून चालू ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना खडखडतं का, निळा धूर टाकतं का, ते बघायचंय. बीएस-6 प्रदूषण नियमांची डिझेल गाडी नुसती गावातल्या गावात फिरलेली असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदलेला असू शकतो. तो खर्च मोठा.

रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचं, मात्र कुणी आपणहून सांगत नाही. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी 17,362 गाड्या परत बोलावल्या, त्यात ब्रेझाही होती. आरसीवरचा 17 अक्षरी चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. रिकॉलचं काम फुकट होतं. आणि हो, तोच नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवूनही बघा.