कॉलेजच्या नव्या सेंटरकडे बघताना या चुका टाळा

दर नोव्हेंबरला अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा सीझन सुरू होतो आणि दुसऱ्याच आठवड्यात नव्या सेंटरबद्दल, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या, संघातल्या सहसा सगळ्यात उंच खेळाडूबद्दल, तेच वाक्य कानावर येतं, "एवढा सात फुटी पोरगा, आणि सहाच पॉइंट?" मी इंडियानात राहतो, इथल्याच पर्ड्यू विद्यापीठाचे सामने वर्षानुवर्षं बघतो आणि या वाक्याचा मला आता मनापासून वैताग आलाय.

उंची म्हणजे तयारी असं धरून चालणं. पर्ड्यूच्या सेंटरचं, झॅक ईडीचं घ्या. टोरांटोचा मुलगा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळलेला. बास्केटबॉलकडे वळला तो हायस्कूलमध्ये गेल्यावर. पर्ड्यूत आला तेव्हाही उंचीत कोणाला ऐकणारा नव्हता, तरी २०२०-२१च्या पहिल्या सीझनमध्ये ४० मिनिटांच्या सामन्यात त्याला सरासरी १५ मिनिटंही मिळत नव्हती. पॉइंट ८.७. दुसऱ्या वर्षी संघातल्याच ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर जागा वाटून घेत १९ मिनिटं, १४.४ पॉइंट. तिसऱ्या वर्षी २२.३ पॉइंट, १२.९ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. मुलगा तोच, ७ फूट ४ इंचांचा.

नवा सेंटर अडतो कुठे, ते जवळून बघा. बास्केटकडे पाठ करून बॉल घेतो आणि सवयीने छातीपाशी आणतो. तेवढ्यात सहा फुटी गार्ड खालून हात मारतो, बॉल गेला. बॉल हनुवटीच्या वर धरायला शिकायलाच कित्येक महिने जातात. मग गुडघे वाकवून जागा धरून ठेवणं. मग डबल टीम आली, म्हणजे दोघांनी मिळून घेरलं, की न घाबरता मोकळा साथीदार शोधणं. यातलं काहीही पॉइंटच्या रकान्यात दिसत नाही.

माझी सवय सांगतो. पहिली पाच मिनिटं मी बॉलकडे बघतच नाही, सेंटरच्या पायांकडे बघतो. समोरच्या संघाने स्क्रीन लावली, म्हणजे एकाने अंगाने वाट अडवली, की हा मागे सरकतो का, की जागीच खिळतो? शॉट उडाला की आधी अंगाने माणूस अडवतो, की नुसता वर बघत उभा राहतो? डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीत पाय लवकर हलत असतील, तर पोरगा घडतोय. मग त्याचे चार पॉइंट असोत नाहीतर चौदा.

संघ हरला की सेंटरच्या डोक्यावर खापर. ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. १७ मार्च २०२३, कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा. पहिल्या मानांकनाचा पर्ड्यू, समोर सोळावं मानांकन असलेला फेअरली डिकिन्सन, देशातल्या सगळ्यात बुटक्या संघांपैकी एक. आमच्या घरी सात-आठ जण जमलेले. ५८-६३ने हरलो आणि टीव्ही बंद व्हायच्या आत एक मित्र ओरडला, "हा मोठ्या सामन्याचा खेळाडूच नाही!" त्याचा अकरा वर्षांचा मुलगा ईडीची जर्सी घालून आला होता. त्याने ती तिथेच काढून घडी करून ठेवली. मला त्या हरण्यापेक्षा ती घडी जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डिंग लावलं आणि वहीत दोन रकाने पाडले: सेंटरने जागा मिळवली, आणि बॉल त्याच्यापर्यंत पोचला. पहिला रकाना भरत गेला, दुसऱ्यात खाडे पडत गेले. एक जण त्याच्या पुढे, एक मागे, बॉल आत जाणार कसा? अशा वेळी बाहेरच्यांनी थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारून गर्दी पांगवायची असते. पर्ड्यूने २६ मारले, ५ पडले. ईडीचे २१ पॉइंट आणि १५ रिबाउंड होते. ती वही मी त्या मुलाला दाखवली. तेव्हापासून सेंटर गप्प दिसला की मी आधी हेच दोन रकाने मोजतो.

फाउल झाले की "हा अडाणी आहे". पाच फाउलला बाहेर बसावं लागतं आणि सगळ्यात जास्त धडका सेंटरलाच बसतात. फाउल किती हे बघू नका, हात वर ठेवायचे सोडून खाली आणून केलेले किती ते बघा.

तीस सेकंदांच्या क्लिप बघून मत बनवणं. बनवू नका.

शॉर्टकटची घाई. नव्या चाहत्यांना वाटतं, मिनिटं मिळत नाहीत तर कॉलेज बदल, नाहीतर सरळ एनबीए, म्हणजे व्यावसायिक लीग, गाठ. पुढे एनबीएचा दिग्गज सेंटर झालेला हकीम ओलाजुवॉन १९८०मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात आला आणि पहिलं वर्ष नुसता सरावात. सामने खेळू लागला त्या पहिल्या सीझनमध्ये सरासरी ८.३ पॉइंट. उन्हाळ्यात एनबीएतल्या मोझेस मलोनसारख्या पहाडाकडून धक्के खाऊन शिकला. १९८४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडताना, पहिलं नाव त्याचं होतं. तसाच दिग्गज टिम डंकन वेक फॉरेस्ट विद्यापीठात पूर्ण चार वर्षं राहिला. उलट आपला सतनाम सिंग २०१५मध्ये कॉलेज न खेळताच ड्राफ्टमध्ये ५२वा निवडला गेला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्या पोराच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण कॉलेजची चार वर्षं मिळाली असती तर, हा विचार आजही सुटत नाही.

दुसऱ्या सीझनचा फेब्रुवारी येईपर्यंत मी कोणत्याही सेंटरबद्दल पक्कं मत देत नाही. माझा नियम आहे, पटला तर वापरा.

८ एप्रिल २०२४ला पर्ड्यू त्याच राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना कनेटिकटकडून ६०-७५ने हरला. ईडीचे पॉइंट ३७. तो मुलगा आमच्याच सोफ्यावर होता, अंगात जर्सी, मांडीवर माझी वही. शिट्टी वाजल्यावर कोणी काही बोलायच्या आत त्याने वही बाबांपुढे धरली.