धंद्याच्या गुडविलची किंमत कशी काढावी

धंदा विकताना किंवा भागीदार बाहेर पडताना यंत्रं आणि मालाच्या किमतीवर सहसा एकमत होतं. अडतं ते नावलौकिकाच्या, म्हणजे गुडविलच्या, किमतीवर. हा आकडा काढायचा तर सूत्र बाजूला ठेवा, आधी नफा तपासा.

गेल्या तीन ते पाच वर्षांचे हिशेब घ्या. जागा विकून झालेला फायदा, एकदाच मिळालेली विम्याची भरपाई असे आकडे वगळा. मालक दिवसभर राबून पगार घेत नसेल, तर त्याच्या जागी माणूस ठेवायला लागेल तेवढा पगार वजा करा. ही पायरी चुकवू नका.

समजा, करापूर्वीचा सरासरी नफा 12 लाख आणि मालकाचा न घेतलेला पगार 3 लाख. म्हणजे खरा नफा 9 लाख. गुंतलेलं भांडवल 50 लाख असेल आणि त्या धंद्यात 12 टक्के परतावा नेहमीचा असेल, तर 6 लाख कुणालाही मिळाले असते. वरचे 3 लाख हा जादा नफा. तो तीन वर्षं टिकेल असं धरलं, तर गुडविल 9 लाख. पगार वजा करायचा राहिला असता तर हेच 18 लाख झाले असते!

काही जण हा जादा नफा 12 टक्के दराने भांडवलात बदलतात, म्हणजे 12 टक्क्यांनी 3 लाख मिळायला किती भांडवल लागेल ते काढतात, मग 25 लाख येतात. पण त्यात तो नफा कायम टिकेल हे गृहीत असतं. गिऱ्हाईक मालकाच्या ओळखीने येत असेल, तर माझ्या मते ही पद्धत वापरूच नये.

ट्रेडमार्क, पेटंट, सॉफ्टवेअर यांची किंमत वेगळी काढता येते: नव्याने उभं करायचा खर्च, तशाच मालमत्तेचा बाजारभाव, किंवा त्यातून पुढे येणारं उत्पन्न. ब्रँडसाठी रॉयल्टीची पद्धत सोयीची. हे नाव दुसऱ्याकडून भाड्याने घेतलं असतं तर काय द्यावं लागलं असतं? विक्री 1 कोटी आणि रॉयल्टी 1 टक्का असेल, तर वर्षाला 1 लाख वाचतात. कर वजा करून पुढच्या वर्षांची ही बचत आजच्या किमतीत आणा. मात्र हा 1 लाख वरच्या 3 लाखांतच आहे. ब्रँड वेगळा मोजलात तर गुडविल उरलेल्या 2 लाखांवरच काढा.

अख्खा धंदा विकत घेतला असेल, तर दिलेल्या रकमेतून ओळखता येणाऱ्या सगळ्या मालमत्तेची, ब्रँडसकट, वाजवी किंमत देणी वजा करून काढून टाका. उरतं ते गुडविल. आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार ताळेबंदात हेच विकत घेतलेलं गुडविल दाखवता येतं, स्वतः कमावलेलं नाही.